अकरावी-बारावीतच पदवीचे क्रेडिट: आपल्याकडे जमेल का?

हिरण्यकेशी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी गडहिंग्लज तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बुक-कीपिंग शिकवते. आमची संस्था एक, इमारत एक. अकरावी-बारावी खाली, बी.कॉम. वर. मधे फक्त एक जिना.

माझी गेल्या वर्षीची एक विद्यार्थिनी परवा त्या जिन्यात भेटली. म्हणाली, "मॅडम, वर पहिले दोन महिने तेच चाललंय, नुसतं पुस्तक जाड झालंय." हसलो दोघी, पण मला ते लागलं.

संस्थेच्या बैठकीत आता विषय निघालाय, की वरच्या मजल्यावरचा एखादा पेपर बारावीच्या इच्छुक मुलांना आधीच द्यावा. वरचे प्राध्यापक शिकवतील, परीक्षा घेतील, पोरगं पास झालं की क्रेडिट, म्हणजे तेवढा अभ्यास पुरा केल्याची पदवीत मोजली जाणारी नोंद, जमा. पुढे पदवीला आलं की तो पेपर माफ. अमेरिकेत हायस्कूलमध्ये असं सर्रास चालतं म्हणे.

मला कल्पना आवडली आणि धास्तीही वाटली. धास्ती कशाची ते नंतर लिहीन. आधी तुम्ही सांगा, हे करावं का? शिकवायचं कुणी? आणि पोरगं उद्या दुसऱ्या कॉलेजला गेलं तर ते क्रेडिट धरतील का?

कट_वाढवा

पहिला! एक क्रेडिट म्हणजे किती मिसळी?

बेंच_नंबर_४

मॅडम, मी बारावी सायन्सला आहे. वर्गात किती पोरं बसतात ते आधी बघा. आमच्या पटावर ८० आहेत, बाकावर ११. उरलेले क्लासला. पदवीचा तास कुणाला घेणार, बाकांना?

ऊसवाला_शिरोळ

बारावीच्या त्या पोरानं खरं सांगितलं. माझा पुतण्या दोन वर्षं कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलला आणि फोटो काढायला गेला. आधी बारावी धड शिकवा, मग पदवीचं बघू. पाया कच्चा आणि वर माडी चढवायची, हे आमच्या भावकीतल्या घरासारखं झालं. पहिल्या पुरात माडीसकट खाली.

जुना_पीडीवाला

तुम्ही ज्याला नवीन म्हणताय ते आम्ही जगलोय. आमच्या वेळी अकरावीला मॅट्रिक. ती झाली की पोरगं सोळाव्या-सतराव्या वर्षी थेट कॉलेजात, प्री-डिग्रीला, म्हणजे पदवीआधीच्या वर्गाला. त्याच प्राध्यापकांकडे, त्याच ग्रंथालयात. मी कागलहून सायकलनं कोल्हापूरला यायचो. पहिल्या आठवड्यात एका सरांनी 'मिस्टर' अशी हाक मारली. मी मागं वळून बघितलं, कुणाला बोलावतायत म्हणून.

मग १०+२+३ चा आकृतिबंध आला. १९७५ साली नव्या पद्धतीच्या दहावीची पहिली बॅच बाहेर पडली आणि अकरावी-बारावीचं 'कनिष्ठ महाविद्यालय' झालं. त्यातली कितीतरी वरिष्ठ कॉलेजांच्याच आवारात राहिली. पोरं तिथंच, भिंतीही त्याच. फक्त मधला दरवाजा बंद केला. बाई, तुमचा जिना म्हणजे तोच दरवाजा.

कट_वाढवा

काका, सायकल कुठल्या कंपनीची होती तेवढं राहिलं.

जुना_पीडीवाला

थोरल्या भावाची होती. कंपनीचं नाव रंग उडून गेलं होतं.

टेक्सासची_काकू

माहेर राजारामपुरी, गेली एकोणीस वर्षं इकडे. माझी दोन्ही मुलं यातून गेलीत म्हणून सविस्तर लिहिते.

इथे दोन वेगळे प्रकार आहेत आणि लोक ते एकात एक घालतात. एक म्हणजे ए.पी. म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. शाळेचेच शिक्षक वरच्या पातळीचा विषय वर्षभर शिकवतात, मे महिन्यात देशभर एक परीक्षा होते आणि १ ते ५ असे गुण मिळतात. ३ ला चालवून घ्यायचं की ५ च हवेत, ते ज्या त्या कॉलेजच्या हातात. म्हणजे सगळं वर्ष एका दिवसावर, आपल्या बोर्डासारखंच.

दुसरा प्रकार ड्युअल क्रेडिट किंवा ड्युअल एन्रोलमेंट. यात मूल खरोखरच कॉलेजचा विद्यार्थी होतं. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात नाव नोंदवलं जातं, कधी मूल तिकडे जातं, कधी शाळेतल्याच शिक्षकाला कॉलेज मान्यता देतं आणि तो तास शाळेत होतो. ग्रेड सहामाहीभरच्या कामावर. मिनेसोटानं १९८५ सालीच कायदा करून अकरावी-बारावीच्या मुलांना सरकारी खर्चानं कॉलेजचे कोर्स खुले केले.

आता अनुभव. थोरल्यानं इंग्रजी आणि अमेरिकन इतिहास ड्युअलमधून केले, आमच्याच राज्याच्या सरकारी विद्यापीठात गेला, सगळे क्रेडिट धरले, एक सेमिस्टर वाचलं. धाकटीनं तेच केलं, तिला एका खासगी कॉलेजात प्रवेश मिळाला आणि त्यांनी साफ सांगितलं की हायस्कूलच्या वर्गात केलेलं आम्ही धरत नाही. दोन वर्षांची मेहनत गेली. बरं, त्यात तिला एका विषयात 'सी' मिळाला होता. क्रेडिट धरला नाही, पण 'सी' कॉलेजच्या गुणपत्रकावर कायमचा बसला. वयाच्या सोळाव्या वर्षी मिळालेला.

तेव्हा ताई, तुमचा तिसरा प्रश्न खरं म्हणजे पहिला आहे.

तासिका_तत्त्व

टेक्सासच्या काकूंना एक प्रश्न. तिकडे शाळेतल्या शिक्षकाला कॉलेजचा विषय शिकवायला पात्रता काय लागते?

टेक्सासची_काकू

सर्वसाधारण नियम असा, की पदव्युत्तर पदवी हवी आणि त्या विषयातले पदव्युत्तर पातळीचे १८ क्रेडिट हवेत. गावाकडच्या शाळांना असे शिक्षकच मिळत नाहीत, ही इथली जुनी ओरड आहे.

तासिका_तत्त्व

वाटलंच. म्हणजे रड तीच, नुसती डॉलरमधली.

आपल्याकडचं सांगतो. हिरण्यकेशी मॅडम एम.कॉम., बी.एड. असणार, कारण कनिष्ठला तेच लागतं. वर पदवीला शिकवायला नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, नाहीतर पीएच.डी. म्हणजे खालच्या मॅडमना वरचा पेपर शिकवता येत नाही, आणि वरच्या सरांना खाली यायला त्यांच्या कार्यभारात, म्हणजे ठरवून दिलेल्या तासांत, जागा नाही. मग खाली कोण उतरणार? माझ्यासारखा सी.एच.बी.वाला, म्हणजे तासिका तत्त्वावरचा. सेट होऊन आठ वर्षं झाली. तासाप्रमाणे पैसे, तेही सहा-सहा महिन्यांनी. या नव्या तासांचे पैसे कोण देणार ते प्रस्तावात लिहिलंय का, एवढंच विचारतो. लिहिलं नसेल तर तो प्रस्ताव नाही, तो आमचा श्रमदान सप्ताह आहे.

हिरण्यकेशी

लिहिलेलं नाही सर. आणि माझी धास्ती तिथूनच सुरू होते, पण आणखीही एक आहे. लिहिते थोड्या वेळानं, तास आहे.

उद्यमनगर_लेथ

तुम्ही सगळे पुस्तकातलं बोलताय. आमच्या लाइनीत हे कधीपासून आहे. आय.टी.आय. झालेला पोरगा डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातो. डिप्लोमावाला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. कुणी विचारतं का, पहिल्या वर्षाचं काय झालं म्हणून? त्यालाच क्रेडिट म्हणायचं ना? आमच्यात 'डायरेक्ट सेकंड इयर' म्हणतात.

माझ्याकडे फौंड्रीत दोन इंजिनिअर आहेत, दोघे डायरेक्ट सेकंड इयरवाले. व्हर्नियर हातात धरायला त्यांना शिकवावं लागलं नाही. मग बारावीचं पोरगं सुट्टीत माझ्याकडे सी.एन.सी. म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर दोन महिने काम करत असेल तर त्याला का नको क्रेडिट? अकाउंटलाच काय सोनं लागलंय?

नियमावली

उद्यमनगर साहेब, तुमचं म्हणणं कागदावर मान्य झालेलं आहे. २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला. त्यात शाळा, कौशल्य शिक्षण आणि उच्च शिक्षण एकाच शिडीवर ठेवलंय. अकरावी ३.५, बारावी ४, पदवीचं पहिलं वर्ष ४.५ अशा पायऱ्या, वर पीएच.डी. ८. वर्षाला १२०० तासांचं शिक्षण म्हणजे ४० क्रेडिट. यात वर्कशॉपचा अनुभवही मोजायची सोय आहे, फक्त मूल्यमापन झालं पाहिजे.

साठवायची तिजोरीही आहे. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ पासून सुरू आहे. सर्वसाधारणपणे क्रेडिट तिथं सात वर्षं जिवंत राहतात. शाळेतल्या मुलांचे 'अपार' क्रमांक, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, त्यासाठीच काढतायत.

पण बँक म्हणजे फक्त तिजोरी. कुठली नोट चालते हे बँक ठरवत नाही. पदवीचा पेपर माफ करायचा तर विषयाचं अभ्यास मंडळ आणि मग विद्या परिषद, असा रस्ता आहे. कॉलेज स्वायत्त असेल तर ही दोन्ही मंडळं त्याची स्वतःची असतात, त्यामुळे काम सोपं. संलग्न असेल तर शिवाजी विद्यापीठाकडे जावं लागेल. आणि काहीही केलं तरी बारावी पास झाल्याशिवाय पदवीला प्रवेश नाही. तोवर ते क्रेडिट नुसतं पडून.

कट_वाढवा

म्हणजे फिक्स डिपॉझिट. मॅच्युरिटी बारावीच्या निकालाला.

ऊसवाला_शिरोळ

अपारचं नाव काढू नका भावांनो. पोरीच्या आधारवर वडलांचं नाव एक, शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर तिसरंच. तीन हेलपाटे झाले, अजून जुळलेलं नाही. पोरगी म्हणते, बाबा तुमचं नाव बदला.

बेंच_नंबर_४

आमच्या वर्गात एकाचं आडनाव आधारवर 'पाटिल' आहे, ऱ्हस्व. तो म्हणतो, माझे क्रेडिट दुसऱ्याच पाटलाला जाणार. कोल्हापुरात पाटील किती ते बघता तो घाबरलाय ते बरोबर आहे.

पंचगंगा_घाट

मुलाचा अनुभव लिहितो. आय.आय.टी. मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बी.एस. पदवी आहे. अकरावीची वार्षिक परीक्षा दिलेल्या मुलालाही त्यासाठी अर्ज करता येतो. चार आठवडे व्हिडिओ आणि गृहपाठ, मग केंद्रावर जाऊन पात्रता परीक्षा. पास झाला की जागा राखीव, बारावी झाल्यावर शिक्षण सुरू. आमच्या चिरंजीवांनी बारावीच्या सुरुवातीला ती परीक्षा दिली.

मला त्यातली एक गोष्ट फार पटली. त्या चार आठवड्यांत त्याला कळलं की आपल्याला संख्याशास्त्र आवडतं आणि प्रोग्रामिंगचा कंटाळा येतो. हे त्याला पदवीच्या दुसऱ्या वर्षी कळलं असतं तर? मी स्वतः इंजिनिअरिंगची तीन वर्षं काढून मग बँकेत लागलो. क्रेडिट मिळो न मिळो, आधी चव तरी कळते.

आणि हो, त्यानं शेवटी बी.एस. घेतलंच नाही. संख्याशास्त्र घेऊन इथंच बी.एस्सी. करतोय. मजेत आहे.

सीपीआर_चौक

चव वगैरे ठीक, पण ती घेणार कोण? ज्याच्या घरी लॅपटॉप आहे, ज्याचा बाप बँकेत आहे, तोच. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि त्याआधीच जातीजातींची बोर्डिंगं काढली, कारण नुसती शाळा उघडून चंदगड-आजऱ्याचं पोरगं इथं पोचत नाही हे त्यांना ठाऊक होतं. तुमच्या या क्रेडिटच्या वर्गाला बोर्डिंग कुठलं?

पंचगंगा_घाट

सीपीआर साहेब, टोमणा पोचला. पण मॅडमचं कॉलेज गडहिंग्लज बाजूला आहे, कोल्हापुरात नव्हे. वर्ग पोरांच्या दारात न्यायचा, म्हणूनच तर ही कल्पना.

सीपीआर_चौक

हे मात्र बरोबर. मागे घेतो. अर्धं.

हिरण्यकेशी

सगळ्यांचं वाचलं. आता दुसरी धास्ती सांगते.

वरच्या मजल्यावरचे एक सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, तुमच्या पोरांनी आमचा पेपर खालीच संपवला तर बी.कॉम. भाग १ ला माझा कार्यभार किती उरेल? चार तास कमी झाले तर माझी जागा जाईल." ते खोटं बोलत नव्हते. आमच्याकडे आधीच बी.कॉम. ची एक तुकडी कमी झालीय. मी मुलांचा विचार करत होते आणि माझ्याच जिन्यावरच्या माणसाची भाकरी मोजायची राहिली.

आणि आणखी एक. आमच्याकडे मुलींना बारावीपर्यंत एस.टी. चा पास फुकट आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली त्या पासावर येतात. बारावी झाली की पास बंद आणि त्यातल्या बऱ्याच जणी घरी. त्यांच्यासाठी पदवीचा एक पेपर तरी एस.टी. चा पास चालू असतानाच हातात पडावा, असं मला वाटतं. कदाचित ते क्रेडिट दाखवून एखादी बापाला म्हणेल, "निम्मं झालंय, आता सोडू कशाला?" खरं तर निम्मं नसेल, शंभरातलं दोनच असेल. पण तिला म्हणायला काहीतरी असेल.

टेक्सासची_काकू

ताई, हेच इथे सगळ्यात जास्त चालतं. ज्यांच्या घरात कुणी कॉलेजला गेलेलं नाही, त्या मुलांना 'मी हे करू शकतो' हे शाळेत असतानाच कळतं. माझ्या धाकटीच्या मैत्रिणीच्या आईनं तिचं ड्युअलचं ओळखपत्र फ्रिजवर लावलं होतं. कॉलेजचं ओळखपत्र, घरातलं पहिलं.

तासिका_तत्त्व

पासाचं वाचून मी गप्प झालो. माझी बहीण अशीच राहिली.

कार्यभारावर उपाय सुचवतो. मुख्य विषयाच्या पेपरला हातच लावू नका. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला मेजर, मायनर म्हणजे मुख्य आणि जोडविषय सोडून कौशल्याचे आणि खुल्या ऐच्छिकचे छोटे छोटे कोर्स आहेत, दोन-दोन क्रेडिटचे. त्यातला एक घ्या. उदाहरणार्थ जी.एस.टी. आणि संगणकावरचे हिशेब. थिअरीला एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास, दोन क्रेडिट म्हणजे तीस. शनिवारी दोन तास धरले तर पंधरा शनिवार. यात वरच्या सरांचा मुख्य पेपर शाबूत राहतो आणि पोराला गावात एखाद्या दुकानाचे हिशेब लिहिता येतात.

नियमावली

प्रात्यक्षिक असेल तर एका क्रेडिटला तीस तास धरतात, हे लक्षात ठेवा. संगणकावरचं काम थिअरीत दाखवलं तर तपासणीत अडकाल. एक क्रेडिट थिअरी, एक प्रात्यक्षिक केलं तर पंधरा आणि तीस, पंचेचाळीस तास.

कट_वाढवा

तिसाचे पंचेचाळीस झाले. सरकारी कामाची सुरुवात शुभ आहे.

उद्यमनगर_लेथ

हे बेस आहे. माझ्या ऑफिसात जी.एस.टी. भरणारी पोरगी बी.कॉम. झालेली आहे, पण बिल एंट्री तिला माझ्या जुन्या मुनिमानं शिकवली.

बेंच_नंबर_४

सायन्सवाल्यांचं पण बोला. माझा बायफोकल, म्हणजे व्यवसायाकडे नेणारा विषय, कॉम्प्युटर सायन्स आहे. थोरला भाऊ हाच विषय करून बी.सी.ए. ला गेला. बारावीला सी प्लस प्लस, एच.टी.एम.एल. आणि ते ८०८५ मायक्रोप्रोसेसर सगळं केलं होतं. तिकडे एच.टी.एम.एल. पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या तासाला सरांनी विचारलं, कुणाला येतं? यानं हात वर केला. सर म्हणाले, "छान, मग तू शांत बस." तो वर्षभर शांत बसला.

जुना_पीडीवाला

'मग तू शांत बस.' वा. आमच्या प्री-डिग्रीत हे नव्हतं, कारण पुन्हा शिकवायला वेळच नव्हता.

बाई, मी चाळीस वर्षं वाणिज्य शिकवलंय, निम्मी खाली, निम्मी वर, म्हणजे तुमचा जिना मी दोन्ही दिशांनी चढलोय. एक अनुभव सांगतो. खालचं पोरगं प्रश्न विचारतं. वर गेलं की वर्षभरात विचारायचं बंद होतं. का ते मला निवृत्त होईपर्यंत कळलं नाही. म्हणून बारावीच्या पोरासमोर पदवीचा विषय उघडला तर प्रश्न चांगले येतील, याची मला खात्री आहे. परीक्षेची नाही.

ऊसवाला_शिरोळ

मास्तर, तुमच्यामुळं माझं मत अर्धं फिरलं. पण मॅडम, बोर्डाच्या वर्षात हे नको. अकरावीत घ्या. अकरावीला पोरं नुसती मोबाईल बघत्यात, त्यांना तरी काम लागंल. आणि नापास झालं तर कुठं लिहू नका. काकूंच्या पोरीसारखा तो 'सी' जन्मभर वागवायला नको.

हिरण्यकेशी

दोन आठवड्यांनी येतेय, सहामाहीच्या पेपरच्या गठ्ठ्यात होते.

बैठक झाली. ठरलंय ते असं. अकरावीच्याच मुलांना, ऐच्छिक. जी.एस.टी. आणि संगणकीय लेखांकन, दोन क्रेडिट, नियमावली साहेबांच्या हिशेबानं पंचेचाळीस तास. शिकवणाऱ्याचे तासाचे पैसे संस्था देणार आणि दर महिन्याला देणार, हे ठरावात लिहून घेतलं (तासिका सर, तुमचं वाक्य मी तसंच्या तसं वाचून दाखवलं, श्रमदान सप्ताहासकट. अध्यक्ष हसले, म्हणून पास झालं). नापासाची नोंद कुठेही जाणार नाही. पेपर माफीचा प्रस्ताव विद्यापीठाकडे पाठवतोय. तो मंजूर होईपर्यंत आम्ही कुणालाही क्रेडिटचं वचन देणार नाही, फक्त प्रमाणपत्र देऊ, आणि हे फॉर्मवर मोठ्या अक्षरात छापलंय. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आज तरी 'दुसरं कॉलेज धरेलच असं नाही' हेच आहे, आणि ते पालकांना तोंडानं सांगायचं काम माझ्याकडे आलंय.

चौदा फॉर्म आले. अकरा मुली. सगळ्या पासवाल्या.

वरच्या सरांनी प्रात्यक्षिकाचे तीस तास घेतो म्हणून सांगितलं. थिअरीच्या पंधरा तासांना अजून कुणी मिळालेलं नाही.

तासिका_तत्त्व

मॅडम, मी आलो असतो, पण शनिवारी माझे इचलकरंजीत तास असतात. दर महिन्याला पैसे म्हणजे नक्की दर महिन्याला ना? सहज विचारलं.

कट_वाढवा

चौदा जणांचा वर्ग. बेंच नंबर ४ च्या वर्गापेक्षा तीन जास्त.

जुना_पीडीवाला

बाई, शनिवारी किती वाजता? सकाळची गडहिंग्लज एस.टी. मला मिळते. मानधनाचं नंतर बघू, आणि आता पंचाहत्तरी झाल्यामुळं तिकीटही लागत नाही.

हिरण्यकेशी

सर, साडेदहा. डबा आणू नका.